सातबारा उलटा वाचायला शिका: जागेच्या वकिलीत उतरणाऱ्या नव्या वकिलांसाठी

जमिनीच्या आणि फ्लॅटच्या कामात यायचंय म्हणणारे नवे वकील भेटतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न बहुतेक एकच असतो: खरेदीखताचा चांगला नमुना कुठे मिळेल? नमुना मी देतो, पण तो दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसणाऱ्या दस्तलेखकाकडेही असतो आणि तो तुमच्या चौपट वेगाने टाइप करतो. तिथे त्याच्याशी स्पर्धा करून पोट भरणार नाही. वकिलाला पक्षकार पैसे देतो ते त्या जागेत कुठे पाणी मुरतंय हे विसार (सौद्याची आगाऊ रक्कम) देण्याआधी सांगता येतं म्हणून. हे कसब कागद वाचण्यातून येतं. पुढे लिहिलंय ते मुख्यतः त्याबद्दल, आणि थोडं त्यावर पोट कसं चालवायचं याबद्दल. मी पुण्याच्या बाजूला काम करतो, त्यामुळे उदाहरणं इथलीच. मुंबई शहरात सातबारा नसतो, तिथे मालमत्ता पत्रकापासून सुरुवात होते; पण वाचायची रीत तीच.

सनद आणि सीनिअर

सनदेचं फार लांबवत नाही. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नोंदणी, मग दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा. नोंदणीचं शुल्क सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ च्या निकालात सर्वसाधारण गटाला ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपयांवर आणून ठेवलं, तेव्हा त्याहून जास्त कुणी मागितलं तर पावती मागा.

सीनिअर निवडताना मात्र वेळ घ्या. बोर्डावर "प्रॉपर्टी मॅटर्स" लिहिलंय म्हणून जाऊ नका. दोन गोष्टी बघा. एक, त्यांच्याकडे महसुली आणि दिवाणी दोन्ही कामं आहेत का. नुसते दस्त करणाऱ्या ऑफिसात तुम्हाला भांडण लागल्यावर दस्ताचं काय होतं ते कधी कळणार नाही. नुसत्या कोर्टाच्या ऑफिसात भांडण लागू नये म्हणून काय करायचं ते कळणार नाही. दोन, जुन्या फाइली उघडून बघू देतात का. ज्या ऑफिसात कपाटाला कुलूप आणि ज्युनिअरला फक्त तारखा घ्यायला पाठवतात, तिथून वर्षभरात निघा.

पगाराचं बोलायला लाजू नका. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं परिपत्रक काढलं. ती सूचना आहे, सक्ती नाही. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी त्याहून कमीच मिळतं. पण आकडा माहीत असला तर बोलणी करताना जमिनीवर पाय राहतात.

पहिले सहा महिने: पायाला भिंगरी

या काळात तुमचं काम ऑफिसात कमी, बाहेर जास्त असावं. तलाठी कार्यालय (कागदोपत्री आता "ग्राम महसूल अधिकारी", पण गावात तलाठीच म्हणतात), तहसीलचा अभिलेख कक्ष, भूमी अभिलेखचं उपअधीक्षक कार्यालय, दुय्यम निबंधक कार्यालय आणि फ्लॅटची कामं असतील तर महापालिकेचा बांधकाम विभाग. प्रत्येक ठिकाणी कुठला कागद मिळतो, नकलेचा अर्ज कसा लिहायचा, कोर्ट फी स्टॅम्प किती लावायचा, कुठल्या वारी साहेब जागेवर असतात, हे स्वतः जाऊन कळतं. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो आणि चालू फेरफाराची (नाव-हक्क बदलाच्या नोंदीची) स्थिती "आपली चावडी" या सरकारी संकेतस्थळावर दिसते, म्हणून नवी मुलं तिथेच थांबतात. खरी मजा अभिलेख कक्षातल्या बासनात असते.

तिथल्या शिपायाशी आणि कारकुनाशी बोलताना वकिलीचा ताठा बाहेर ठेवा. "अहो काका, हे १९५८ चं पान जरा बघू द्या" म्हणणाऱ्याला पान दिसतं. गावातल्या फार जुन्या नोंदी मोडीत असतात. स्वतः शिकलात तर उत्तम, नाही तर मोडी वाचणारं एक माणूस माहितीत ठेवा.

मापंही याच काळात बोटांवर यायला हवीत. १०० आर म्हणजे १ हेक्टर, ४० गुंठे म्हणजे १ एकर, १ गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. सातबारावर ०.४०.०० लिहिलं की पक्षकार म्हणतो एक एकर. ते ४० आर आहेत, ४० गुंठे नव्हेत; एकरापेक्षा सुमारे ४७ चौरस मीटर कमी, म्हणजे ५०० चौरस फूट. पुण्यात तेवढ्यात एक छोटा फ्लॅट बसतो. शिवाय पोटखराबा (लागवडीला अयोग्य भाग) त्या क्षेत्रात धरलाय की वेगळा, हेही बघा.

सातबारा उलटा वाचणं

आता मुख्य भाग. इथे घाई करू नका.

चालू सातबारा हा शेवट समजा आणि मागे चालायला लागा. नावासमोर फेरफार क्रमांक असतो. तो फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ मधली नोंद, काढा. ती सांगेल की हे नाव कशामुळे आलं: खरेदी, वारस, वाटणी, बक्षीसपत्र, कोर्टाचा हुकूमनामा. त्याआधीचं नाव कुणाचं, ते कुठल्या फेरफाराने आलं, तो काढा. असं मागे जात जात निदान १९५७ च्या पलीकडे पोहोचा. कारण १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन; त्या दिवशी कूळ कायद्याने कसणाऱ्या कुळाला मालक मानलं. त्या काळात पीकपाहणीला कुणाचं नाव होतं, ३२-ग ची (कुळाने द्यायची किंमत ठरवणारी) चौकशी झाली का, ३२-म चं (ती किंमत भरल्याचं) प्रमाणपत्र निघालं का, हे न बघता दिलेला टायटल रिपोर्ट, म्हणजे मालकी तपासल्याचा अहवाल, अर्धा असतो. हस्तलिखित सातबारावर कमी केलेल्या नावांना कंस केलेला असतो. कंसातलं नाव मेलेलं समजू नका; ते कुठल्या फेरफाराने कंसात गेलं ते शोधा.

हा धडा मी पैसे देऊन शिकलो, म्हणजे पक्षकाराचे. दुसऱ्या वर्षाला होतो. एक हेक्टर वीस आर जमीन, सातबारावर एकच नाव, इतर हक्कांच्या रकान्यात काही नाही, बोजा नाही. तीस वर्षांची सूची क्रमांक २ (निबंधकाकडे नोंदलेल्या दस्तांची यादी) पाहिली, कोरी. मी खुशीत रिपोर्ट टाइप करून सीनिअरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "या माणसाच्या बापाची वारस नोंद कुठंय?" मी म्हटलं, सर, ती १९६८ ची आहे, आपल्याला तीस वर्षांचाच सर्च सांगितलाय. ते काही बोलले नाहीत, नुसती लाल पेन्सिल रिपोर्टवर आडवी ठेवली. दुसऱ्या दिवशी तहसीलला गेलो. फेरफारात लिहिलं होतं: मयताला तीन मुलगे, दोन मुली; थोरल्याचं नाव "ए.कु.मॅ." म्हणून लावावं, मुलींची नावं इतर हक्कात. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. पुढे कधीतरी सातबारा नव्याने लिहिताना ती तीन अक्षरं गळाली आणि मॅनेजर मालक झाला. मुलींची नावं काही वर्षांनी एका "वर्दी"वर (तलाठ्याला दिलेल्या साध्या खबरीवर) कमी झाली होती. विसार तोवर देऊन झालेला होता. तो परत मिळवायला दीड वर्ष गेलं.

यातून जे निघतं ते लिहून ठेवा. सातबारा हा हक्काचा पुरावा म्हणून गृहीत धरला जातो, पण फेरफाराने मालकी जन्मत नाही आणि मरत नाही; सर्वोच्च न्यायालयाने हे पुन्हा पुन्हा सांगितलंय. तलाठ्यापुढे जबाब देऊन बहिणीने "मला हिस्सा नको" म्हटलं तर त्याने हक्क सुटत नाही. शंभर रुपयांवरच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. आणि ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतःच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत वाटेकरी, झाली. वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हे २०२० च्या विनीता शर्मा निकालाने पक्कं झालं. म्हणून कुटुंबाची वंशावळ स्वतःच्या हाताने काढा. पक्षकार सांगतो ती वंशावळ त्याच्या सोयीची असते. आत्या त्यातून नेहमी राहून जातात.

आणखी काही अक्षरं आणि शेरे, ज्यांवर नजर अडकली पाहिजे. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता. हिंदू अज्ञानाची स्वतंत्र मिळकत आई-बापाने कोर्टाच्या परवानगीशिवाय विकली असेल तर तो मुलगा सज्ञान झाल्यावर तीन वर्षांत व्यवहार उलटवू शकतो. "भोगवटादार वर्ग २" किंवा "नवीन अविभाज्य शर्त" दिसलं की जमीन सरकारी अटींवर दिलेली, विकायला सरकारची परवानगी आणि नजराणा (सरकारला भरायची रक्कम). "कलम ४३ च्या बंधनास पात्र" म्हणजे कुळाला मिळालेली जमीन. २०१४ च्या दुरुस्तीने दहा वर्षांनंतर विक्रीची वाट सोपी केली, पण अटी वाचून. जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ म्हणजे आदिवासी खातेदार. तिथे पक्षकाराला सरळ सांगा की नाद सोडा. देवस्थान इनाम, वतन, पुनर्वसनाचे शेरे, वन. आणि "तुकडा", म्हणजे ठरलेल्या किमान क्षेत्राहून लहान जमीन. तुकडेबंदीचे नियम अलीकडे सतत बदलतायत, तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या टिपणावर विसंबू नका. घेणारा शेतकरी आहे का, हा प्रश्न इतका साधा की विचारायचाच राहतो. कूळ कायद्याच्या कलम ६३ खाली बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही.

जमिनीवर जाऊन या. गटाचा नकाशा हातात घेऊन बांधावर उभं राहिल्याशिवाय रस्ता आहे का, विहीर कुणाची, वरून विजेची तार जाते का, कोण कसतंय, हे कळत नाही. शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याशी पंधरा मिनिटं बोललात तर जे कळतं ते कुठल्याच नमुन्यात नसतं.

रिपोर्ट लिहिताना

टायटल रिपोर्टात सर्वात महत्त्वाचं वाक्य "टायटल क्लिअर" हे नव्हे. तुम्ही काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही, हे महत्त्वाचं. मूळ दस्त पाहिला की झेरॉक्स? सूचीची कुठली वर्षं पाहिली, कुठल्या वर्षाची पानं फाटलेली होती? जुन्या पुस्तकांत हे नेहमीचं आहे, आणि ते लिहिलंच पाहिजे. जाहीर नोटीस कुठल्या वर्तमानपत्रात, कुठल्या तारखेला, किती दिवसांची, हरकत आली का. खरेदीदार बाहेरगावचा आणि नोटीस त्या गावात कुणी वाचत नाही अशा पेपरात दिली तर ती देण्यात अर्थ नाही. दिवाणी दावा चालू आहे का हेही शोधा. आपल्याकडे प्रलंबित दाव्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवण्याची तरतूद आहे, ती सूचीत सापडू शकते, पण सगळेच दावेदार ती नोंदवतात असं नाही. म्हणून ई-कोर्ट्सवर सर्व नावांनी शोध घ्या, स्पेलिंग बदलून बदलून.

बँकेच्या पॅनलवर (कर्जाआधी कागद तपासणाऱ्या वकिलांच्या यादीवर) जायची सगळ्यांना घाई असते. काम नियमित येतं हे खरं, फी मात्र बेताची आणि जोखीम मोठी. २०१२ मध्ये के. नारायण राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की चुकीचा सल्ला दिला म्हणून पॅनलच्या वकिलावर कटाचा खटला चालवता येत नाही, संगनमताचा पुरावा हवा. निष्काळजीपणा मात्र झाला तर त्याची जबाबदारी उरते. कर्जाची फाइल "आजच द्या सर, डिस्बर्समेंट अडकलंय" म्हणून येते. तिला वेळ लागेल तेवढा लागू द्या.

दस्ताच्या टेबलावर

साठेखत (पुढे विकण्याचा करार) आणि खरेदीखत यांतला फरक पक्षकाराला कळत नाही; तो तुम्ही समजावायचा. साठेखताने मालकी जात नाही. कुलमुखत्यारपत्रानेही नाही, हे २०११ च्या सूरज लॅम्प निकालाने निकालात काढलं. नोटरीसमोर केलेल्या गुंठ्याच्या "खरेदी"चे कागद घेऊन लोक अजून येतात, बिचाऱ्यांची आयुष्याची कमाई त्यात असते.

मसुदा कितीही चांगला असला तरी चूक बहुतेक वेळा परिशिष्टात होते: गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा. वरचा मजकूर सगळे वाचतात, चतुःसीमा कुणी वाचत नाही. मी सह्यांच्या आधी दोन माणसं बसवतो. एकाने सातबारा आणि मोजणीचा नकाशा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने मसुद्यावर बोट ठेवून चालायचं. वीस मिनिटं जातात. उलट, नोंदणीनंतर पूर्वेची पश्चिम झालेली दिसली तर चूक दुरुस्ती पत्राला सगळे पक्षकार पुन्हा गोळा करावे लागतात, आणि तोवर विकणारा पैसे घेऊन निवांत झालेला असतो.

मुद्रांकाचे दर पाठ करण्यापेक्षा बघायची सवय लावा. मुंबईत सहा, पुण्यात सात टक्के, निवासी घर बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत, नोंदणी फी एक टक्का पण कमाल ३०,००० हे ठोकताळे. हिशेब मात्र रेडी रेकनर (सरकारने ठरवलेले जागेचे दर) आणि करारातली रक्कम यांतल्या जास्त आकड्यावर. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला सादर झाला पाहिजे. किंमत ५० लाख किंवा वर असेल तर घेणाऱ्याने एक टक्का टीडीएस कापायचा. विकणारा अनिवासी असेल तर तो हिशेबच वेगळा, सीएला बसवा. दुबई-अमेरिकेतल्या मंडळींची कुलमुखत्यारपत्रं येतात: ती तिथल्या नोटरी किंवा भारतीय वकिलातीसमोर झालेली हवीत आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करायला हवीत. ही तारीख चुकवणारे भेटतात, म्हणून पाकीटसुद्धा जपून ठेवायला सांगा.

शहरातलं काम

तिसऱ्या वर्षापासून इकडे वळा. गृहनिर्माण संस्थांना वकील लागतात आणि चांगले मिळत नाहीत. मानीव अभिहस्तांतरण हे नव्या वकिलासाठी उत्तम काम: बिल्डर जागा संस्थेच्या नावावर करून देत नाही, तेव्हा मोफा (फ्लॅट विक्रीचा राज्याचा जुना कायदा) च्या कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज. यात शोध, मसुदा, सुनावणी, नोंदणी सगळं एकाच फाइलीत शिकायला मिळतं. त्याच संस्था पुढे पुनर्विकासाला येतात. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयात सभेची दोन तृतीयांश गणपूर्ती आणि किमान ५१ टक्के सभासदांची संमती वगैरे क्रम दिलाय. तो तोंडपाठ हवा. सभेत मात्र तयारीने जा. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त काकांनी तो निर्णय तुमच्याआधी वाचलेला असतो.

महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नजर ठेवणारं प्राधिकरण, २०१७ पासून आहे. ताबा लांबला की रेरा कायद्याच्या कलम १८ खाली व्याज किंवा परतावा, करार न करता दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे मुद्दे रोजचे. बिल्डरच्या बाजूने काम करायचं असेल तर प्रकल्प नोंदवताना वकिलाचा टायटल रिपोर्ट संकेतस्थळावर चढतो हे ध्यानात ठेवा. तो तुमच्या नावानिशी कुणीही वाचू शकतं. माझं मत विचाराल तर पहिली पाच वर्षं दोन्ही बाजूंची कामं करा, पण एकाच व्यवहारात दोन्ही बाजूंचे वकील होऊ नका. "दोघांचं मिळून तुम्हीच करा ना, खर्च वाचेल" असं गोड बोलून सांगतात. व्यवहार फिसकटला की दोघेही तुमच्याकडे बोट दाखवतात.

लिव्ह अँड लायसन्सचे करार क्षुल्लक वाटतात, पण नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे हेच अनेकांना माहीत नसतं. त्यात पैसे थोडे, ओळखी पुष्कळ. घर भाड्याने देणाराच उद्या दुसरं घर घेतो.

कोर्ट सोडू नका. आठवड्यातून दोन दिवस तरी दिवाणी न्यायालयात बसा आणि वाटपाच्या दाव्यात साक्षीदाराचा उलटतपास ऐका. तुम्ही लिहिलेलं "ताबा दिला आहे" हे एक वाक्य तिथे दोन तास कसं फाडलं जातं ते बघितलंत की पुढच्या मसुद्यात ताब्याची पावती वेगळी घ्याल.

पैसे आणि एजंट

जाहिरात आपल्याला बंद आहे. एजंट मात्र येतात: "सर, कामं देतो, आमचं बघा." एकदा त्याचं बघितलं की रिपोर्टही त्याच्या सोयीने लिहावा लागतो. मिळकतीत हिस्सा फी म्हणून घेऊ नका. नियमात बसत नाही. पक्षकाराचा विसार स्वतःच्या खात्यात "दोन दिवस" ठेवू नका. फी आधी ठरवा आणि लिहून द्या, सर्चची वेगळी, मसुद्याची वेगळी, नोंदणीला हजर राहण्याची वेगळी. फी थकली म्हणून कागद अडवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगून ठेवलंय.

नको असलेला सल्ला नेहमी लेखी द्या. "घेऊ नका" हे तोंडी सांगितलं तर वर्षभराने पक्षकाराला "वकील म्हणाले चालेल" एवढंच आठवतं. दोन ओळींचा ईमेल पुरतो, व्हॉट्सॲपवर पाठवलात तर स्क्रीनशॉट फाइलीत लावा.

शेवटची गोष्ट स्टेशनरीची. दोनशे पानी रजिस्टर घ्या, लाल कापडी पुठ्ठ्याचं, आणि ऑफिसात आलेला प्रत्येक मूळ कागद त्यात उतरवा: दस्त क्रमांक, तारीख, किती पानं, कुणी दिला, परत नेताना सही, तारीख, मोबाइल नंबर. सहा वर्षांनंतर एक गृहस्थ तावातावाने आले, भावाचं खरेदीखत तुमच्याकडेच राहिलं म्हणाले. रजिस्टर काढलं. पान एक्केचाळीस, खाली त्यांचीच सही, शेजारी चहाचा डाग. त्यांनी सही दोनदा बघितली, मग खिशातून फोन काढून घरी लावला आणि म्हणाले, "अगं, ते बँकेच्या लॉकरात बघ जरा."